आईची हट्टी व्हॅन आणि सुलतानपूर-लोणारचा चिडका प्रवास

मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात फिरायला जाऊ नये, हे मला कोणी सांगायची गरज नाही. मी इथलीच आहे. तरी गेले, आणि तेही पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्या पेट्रोल व्हॅनमधून. ही व्हॅन सकाळी किल्ली फिरवून फिरवून मनगट दुखेपर्यंत सुरू होत नाही आणि सुरू झाली की उभ्या उभ्या हिवताप आल्यासारखी थडथडते. पायडलवरून पाय काढला की बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच.

जायचं कारण माझा धाकटा भाऊ संदीप. तो पुण्यात असतो. मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीत आईकडे बुलढाण्याला आले होते. संदीपने फोन करून कळवलं की व्हॅनला खामगावचं गिऱ्हाईक मिळालंय, रविवारी माणूस बघायला येईल, मीही येतो. मी विचारलं, आईला विचारलंस का? तर म्हणाला, आईला सांगितलंय. विचारणं आणि सांगणं यातला फरक कळायला माणसाला किती पगार लागतो कोण जाणे.

जे वाचक आमच्या घरचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही. संदीपने गेल्या वर्षी मोठी उंच गाडी घेतली, दिसायला झकास. तिच्यात आईला बसवायचं म्हणजे एकाने मागून रेटायचं आणि एकाने आतून ओढायचं, आणि शेजारपाजारच्यांनी गॅलरीतून बघायचं. व्हॅनचं तसं नाही. दार सरकतं, आतली पायरी जमिनीलगत, आई मुठीला धरते, आडवी टेकते आणि एकेक पाय उचलून आत घेते. कोणी हात लावायचा नाही. बाबा गेल्यापासून शेजारचा प्रकाश गाडी चालवतो आणि आई या व्हॅनमधून बँकेत जाते, दवाखान्यात जाते, रविवारी विहारात जाते, आणि महिना-दीड महिन्याने सुलतानपूरला मावशीकडे जाते. व्हॅन गेली की आईचं जग उंबऱ्याशी संपतं. हे समजायला गुडघे दुखावेच लागतात असं नाही.

मी संदीपला म्हटलं, मी आईला घेऊन याच व्हॅनने सुलतानपूर आणि लोणार करून येते. गाडी धड परत आली तर विकायची नाही. तो म्हणाला, चालेल ताई, पण अर्ध्या वाटेत बंद पडली तर मला फोन करू नकोस. मी म्हटलं, तुला तर मुळीच नाही.

शुक्रवारी उजाडताच निघायचं ठरवलं, कारण उन्हाच्या आत मेहकर गाठायचं होतं. बुलढाण्याची पहाट मे महिन्यातही गार असते, डोंगरावरचं गाव आहे. त्या गारव्यात मी घामाघूम झाले. चोक ओढून, न ओढून, दाबून, न दाबून सगळं झालं. शेवटी प्रकाश दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, फडक्याले पाणी टाका ना ताई.

हे फडकं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की बाजूला छोटा पेट्रोल पंप दिसतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो तापतो, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी बंद पडते. म्हणून जुने ड्रायव्हर पंपाला ओलं फडकं बांधतात. खोटं नाही, चालतं ते. आमच्या व्हॅनला आईच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला होता, त्यावर दर उन्हाळ्यात आणखी एक, वरून बांधकामाची तार आवळलेली. एवढं गाठोडं झालेलं की खाली पंप आहे की लोणच्याची बरणी ते कळू नये. प्रकाशने तांब्याभर पाणी ओतलं, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली आणि बऱ्यापैकी शांत उभी राहिली. मी आईला बसवलं, म्हणजे आई बसली, आणि आम्ही निघालो.

बुलढाणा ते चिखली रस्ता चांगला आहे. चिखलीत बसस्टँडच्या आसपास सकाळी तर्रीचे पोहे मिळतात, ते खा. दोघींचा नाश्ता-चहा शंभरच्या आत झाला. पोहे खाऊन आलो तोवर फडकं वाळलं होतं आणि गाडीने पुन्हा आपला हट्ट धरला. जवळच एक गॅरेज होतं. मेकॅनिकने आधी माझ्या मागे कोणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं आणि मग साहेब नाहीत का सोबत, असं विचारलं. साहेब नाहीत, मी आहे, काय होतंय ते मी सांगते, म्हटलं. सकाळी सुरू होत नाही, उभी असताना थरथरते, वेगात मात्र ठीक पळते. तो ऐकत नव्हता. तो मोबाईलवर कोणाला तरी हो-नाही करत होता.

"बाई, पेट्रोलच आता तसं येऊन राह्यलं," तो फोन खाली ठेवून म्हणाला. "जुन्या गाड्यांले सोसत नाई. प्लग टाकून देतो."

पेट्रोल तसं आहे तर प्लग कशाला? पण त्याने बदललेही. मी जुने प्लग मागून घेतले. त्याला आश्चर्य वाटलं. त्यांची टोकं पांढरीफट्ट होती. बाबा सांगायचे, टोक काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर हवा जास्त, विटकरी असेल तर गाडी सुखी. हे मी त्याला सांगितलं, तर तो हसला आणि जाता जाता त्यानेही बाटलीभर पाणी फडक्यावर ओतलं. गाडी सुरू झाली. बघा, प्लगच होता, म्हणाला. नव्या प्लगांचे पैसे देऊन आम्ही निघालो. माझे कान तापले होते.

चिखली ते मेहकर दोन्हीकडे नांगरून ठेवलेली काळी शेतं, मधे कुठे निंबाची सावली. पाणी भरपूर घ्या, गाडीसाठी वेगळं घ्या. मेहकरच्या अलीकडे एका रेल्वेफाटकासारख्या दिसणाऱ्या टोलच्या जुन्या कमानीपाशी मी वेग कमी केला आणि गाडी बंद पडली. भर दुपार. आईला व्हॅनमधेच ठेवून दार सरकवून दिलं, तिने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. मी सीट उचलली आणि कोणी सांगायच्या आत स्वतःच फडक्यावर पाणी ओतलं. होय, मीही. शाळेत मुलांना निरीक्षण करा, निरीक्षण करा म्हणून ओरडणारी मी. गाडी सुरू झाली, आणि मला वाटलं, झालं, उन्हाचंच आहे हे.

मेहकरात दुसरा मेकॅनिक. याने गाडीचा आवाज लांबूनच ऐकला, उठायचीही तसदी घेतली नाही आणि निकाल दिला की कार्बोरेटर गेला. नवीन मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, गाडी भंगारात द्या. भंगार हा शब्द त्याने आईसमोर, आई आत बसलेली असताना उच्चारला. मी त्याला विचारलं की त्याने कार्बोरेटर उघडून पाहिला का. तो म्हणाला, पाहायची गरज नाही, अनुभव आहे. मग एक स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला, म्हणजे थरथर राहिली पण गाडी ओरडत उभी राहू लागली. ताप आलेल्याला जोरात गायला लावल्यावर तो बरा दिसतो, तसं. अंदाजपंचे दाहोदरसे हा आपल्याकडचा खरा विद्युत प्रवाह आहे, सगळं त्याच्यावर चालतं. एकाने पेट्रोल सांगितलं, दुसऱ्याने कार्बोरेटर, संदीप फोनवर गाडीचं वय काढतो. झाकण उघडून बघणारा एकही नाही.

आई मागून म्हणाली, "कायले चिडतं? रसवंतीवर थांब."

थांबलो. ऊस चांगला होता. राग गेला नाही.

मेहकर ते सुलतानपूर फार अंतर नाही. दुपार कलता कलता मावशीच्या अंगणात शिरलो. मावशी आईहून लहान, एकटी राहते, तिची थोडी शेती आहे आणि तिने कुरडया घालायला काढल्या होत्या. जयभीम झालं, पाणी झालं, आणि मावशीने व्हॅनच्या दाराशी उभं राहून आईला उतरताना पाहिलं. हात पुढे केला नाही. तिला माहीत आहे. रात्री भाकरी, आमरस, मिरचीचा ठेचा. दोघी बहिणी बाजांवर पडून कोणाचं कोणाशी जमलं आणि कोणाचं मोडलं ते बोलत होत्या. मी व्हॅनकडे पाठ करून झोपले.

शनिवारी लोणारला लवकर जायचं होतं. सुलतानपूरहूनच फाटा फुटतो, जवळ आहे. पहाटे मी किल्ली फिरवली. नवे प्लग, वाढवलेला वेग, सगळं असूनही व्हॅन ढिम्म. मी स्टिअरिंगवर हात आपटला. मावशी चुलीजवळून तांब्या घेऊन आली, पुढची सीट कशी उचलतात ते तिला पाठ होतं, तिने फडक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाली, फिरव आता. गाडी सुरू झाली आणि थरथर जवळजवळ थांबली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, की अरे, उन्हं कुठायत? रात्रभर गाडी उभी आहे. इंजिन गार, पंप गार, हवा गार. पेट्रोलची वाफ होण्याचा प्रश्नच नाही. कालही बुलढाण्यात गारव्यातच पाणी ओतलं होतं. मग पाणी नेमकं काय करतंय?

मी गाडी चालू ठेवली आणि बसून राहिले. थोड्या वेळाने फडकं निथळलं तशी थरथर परत आली. मी चोक अर्धा ओढला. चोक ओढला की इंजिनात जाणारी हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडी शांत झाली. चोक आत केला, पुन्हा थडथड. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त येतेय; पेट्रोलच कमी पडत असतं तर गाडी वेगातही अडखळली असती. पांढरे प्लग हेच सांगत होते. कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय, आणि ती जागा त्या फडक्याखाली आहे, कारण फडकं ओलं झालं की ती बंद होते.

मी गाडी बंद केली, मावशीकडून पक्कड मागितली आणि तार कापली. वरचं फडकं, त्याखालचं, त्याच्याखाली आईचं पातळ, काळं आणि कडक झालेलं. पंपाच्या अंगाला घासून एक बोटाएवढी रबरी नळी जाते. इंजिनाच्या ओढीने त्या नळीत पोकळी तयार होते, म्हणून तिला कुठेही भोक नसावं, नाहीतर बाहेरची हवा आत शिरते. दर वर्षी तार आवळणाऱ्याने पंपाबरोबर तीही आवळली होती. तार रबरात रुतून नळीला उभी चीर गेली होती. फडकं वाळलं की चीर उघडी. फडकं ओलं झालं की ते नळीला घट्ट चिकटून चीर झाकली जायची आणि गाडी नीट चालायची. म्हणून सगळे म्हणायचे, बघा, पाणी टाकलं की चालते, उन्हाचंच आहे. आणि मग पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक फडकं आणि आणखी जोरात आवळलेली तार. ज्या उपायाने गाडी बिघडली त्याच उपायाने ती सुधारत होती, आणि आम्ही सगळे त्याला पाणी घालत होतो.

मला हसू यायला हवं होतं. मला भयंकर राग आला. प्रकाशचा, चिखलीचा, मेहकरचा, माझा. गाडीच्या नावाने वर्षभर भंगार भंगार चाललं होतं आणि आई ते मान खाली घालून ऐकत होती, जणू गाडी नाही, तीच जुनी झाली.

सुलतानपुरात मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात पेट्रोलची नळी तुकड्याने कापून मिळते. तेवढी घेतली, दोन क्लिपा घेतल्या, सगळं मिळून एका चांगल्या जेवणाइतकाही खर्च आला नाही. चिरलेली नळी काढली, नवी बसवली. फडकं परत बांधलं नाही. किल्ली फिरवली आणि व्हॅन एका झटक्यात सुरू होऊन एवढ्या जोरात ओरडली की मावशीच्या कोंबड्या पळाल्या. मेहकरवाल्याने पिळलेला स्क्रू. तो परत ढिला केला. मग ती अशी उभी राहिली की सीटवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणीही हलत नव्हतं.

वाचकहो, तुमच्याकडे कार्बोरेटरची जुनी गाडी असेल आणि ती सकाळी रुसत असेल, तर एवढं करा: गार असतानाही त्रास देते का ते पाहा, प्लगचं टोक पाहा, चोक ओढून फरक पडतो का ते पाहा, आणि कोणीतरी बांधून ठेवलेलं जे काही असेल ते सोडून पाहा. पार्ट नंतर बदला.

मावशीलाही बरोबर घेऊन लोणारला पोचलो तेव्हा ऊन चढू लागलं होतं. खाली उतरायचं तर भल्या सकाळी जा, पायात बूट घाला, वानरांपासून पिशवी सांभाळा. आई खाली जाणार नव्हती. काठावर गाडी लावली, दार सरकवलं, आणि दोघी बहिणी दारातच पाय सोडून बसल्या. खाली ते हिरवट पाणी, भोवती झाडीची कड, कुठून तरी मोर ओरडत होता. आईने लहानपणी हे पायी उतरून पाहिलं होतं, ते ती मावशीला सांगत होती, जशी काही मावशी तेव्हा बरोबर नव्हती. मी शेंगा घेतल्या. त्या तासाभरात मला कोणाचाही राग आला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

रविवारी सकाळी निघालो. मेहकर, चिखली, कुठेही थांबावं लागलं नाही. मेहकरच्या गॅरेजसमोर मी मुद्दाम गाडी बंद करून परत सुरू केली. त्याने मान वर केली नाही. असो.

घरी पोचलो तर फाटकासमोर संदीपची उंच गाडी आणि ओसरीवर खामगावचा माणूस, चहा पीत. पन्नाशीचा, सभ्य. व्हॅन मी फाटकाबाहेरच उभी केली, आई मागे आतच बसून राहिली. संदीपने येऊन किल्ली मागितली, बसला, एकदा फिरवली, आणि त्याचा चेहरा उजळला. बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. मी त्याला नळीचं सांगितलं. तो मनापासून खूश झाला. मला वाटलं, चला, झालं.

तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "भारी काम केलंस ताई. आता भंगारच्या भावाने द्यायला नको. चालू गाडी म्हणून मागू."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. फोनवरच्या बोलीची आठवण करून दिली. तो म्हणाला, ते मी तू चिडली होतीस म्हणून म्हटलं होतं. प्रकाश आज आहे, उद्या नसला तर कोण चालवणार? माझी गाडी आहे ना, मी महिन्यातून एकदा येतो, आईला पाहिजे तिथे नेतो. त्यात काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला. तो वाईट मुलगा नाही. तो पुण्याहून गुडघ्यांची औषधं घेऊन येतो. त्याला फक्त आईचे गुडघे दिसतात.

खामगावचा माणूस चहाचा कप ठेवून उठला आणि गाडी आतून बघू लागला. त्याने आदराने आईला म्हटलं की माय, जरा उतरता का, मागची सीट पाहायची आहे. संदीप लगेच पुढे झाला आणि सवयीने आईच्या काखेत हात घालायला लागला.

आईने त्याचा हात काढला. रागाने नाही, भाकरीवरची माशी उडवावी तसा. तो माणूस उभा, संदीप उभा, मी उभी, पलीकडे प्रकाशही फाटकाशी येऊन थांबला.

"उतरतो," आई त्या माणसाकडे बघून म्हणाली. "पन तुमी गाडी घ्यायच्या आंदी माह्यं एक आयका. पोरगा मले त्याच्या गाडीत चढोते. लय मायेनं चढोते. ईच्यात मी चढतो."

मग ती मुठीला धरून, एकेक पाय बाहेर ठेवून, आपली आपण उतरली आणि सावकाश चालत ओसरीवर जाऊन बसली. तिला अंगणातून जायला बराच वेळ लागला.

खामगावच्या माणसाने मागची सीट पाहिली नाही. त्याने सरकतं दार लावलं आणि गाडीची किल्ली काढून संदीपच्या हातात दिली. माह्यी मायही अशीच आहे, एवढं तो म्हणाला, आणि त्याने आपली मोटरसायकल काढली. संदीप बराच वेळ त्या दाराची पायरी बघत उभा होता. मग तो ओसरीवर गेला आणि आईला विचारलं, सुलतानपूरला पुन्हा कधी जायचंय. या वेळी त्याने विचारलं.